सोलापूरचं रीडिंग खोडू नका

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातले विज्ञान व भौतिकशास्त्राचे शिक्षक, प्रात्यक्षिक परीक्षेचे परीक्षक, विज्ञान प्रदर्शनांचे आणि निबंध स्पर्धांचे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षं एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत सहायक होतो. शिक्षक नव्हतो. साहित्य मांडायचं, मोडलेलं जोडायचं, परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांची व्यवस्था बघायची आणि मुलं गेल्यावर एकेक व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) मोजून कपाटात ठेवायचं, हे माझं काम. मुलं मला काका म्हणायची. तुमच्यातल्या कित्येकांनी याच शहरातल्या कुठल्या तरी टेबलावर माझ्यासारख्याच एखाद्या काकांच्या हातून स्टॉपवॉच घेतलेलं असेल. त्या नात्यानं लिहितो आहे.

मागणं एकच आहे. मुलानं स्वतःच्या हातानं घेतलेलं रीडिंग खोडू नका. ते पुस्तकाशी जुळत नसेल तरी खोडू नका. त्याला विचारा, तपासा, परत करायला लावा, पण लाल पेनानं त्यावर पुस्तकातला आकडा लिहू नका.

हे मागणं माझ्या मनात एका मुलीमुळे रुतून बसलं आहे. सात-आठ वर्षं झाली. अकरावीची मुलगी, घरी यंत्रमाग, वडील टॉवेल विणायचे. धोट्याच्या ठोक्यावरून माग नीट चालला आहे की बिघडला आहे हे तिला दुसऱ्या खोलीत बसून कळायचं. तिला प्रयोग आला होता साध्या दोलकाचा, म्हणजे दोऱ्याला गोळा टांगून दोलनं मोजायची आणि त्यावरून गुरुत्व त्वरण (खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते) काढायचं. सगळ्यांचा नावडता प्रयोग, कारण त्यात दिवा लागत नाही की काटा हलत नाही. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तिनं वीस दोलनं घेतली. एकदा ३९.८ सेकंद आले, एकदा ४०.४, एकदा ४०.१. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, गोळा नीट हलायलाय, माझाच अंगठा मागंपुढं होतोय. वीसच्या ऐवजी दोनशे घेऊ का? आमचे पप्पा एका ठोक्यावरनं कापड मोजत नाहीत, तागा झाल्यावर मोजतात."

एकतीस वर्षांत इतकं नेमकं वाक्य मी त्या खोलीत ऐकलेलं नाही. अंगठ्याची चूक दाबताना आणि सोडताना अशी दोनदाच होते. ती वीस दोलनांवर पसरली तर मोठी दिसते, दोनशेवर पसरली तर दहापट लहान होते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या घरातल्या धंद्यानं शिकवलं होतं.

ऑक्टोबरचे दिवस होते. दोरा वाऱ्यानं हलू नये म्हणून आम्ही पंखे बंद केले, तशी बाकीची बॅच कुरकुरली. बुचाच्या दोन फाकांमध्ये दोरा घट्ट धरला. लांबी मोजताना तिनं बुचाच्या खालच्या कडेपासून हुकापर्यंतची पट्टीनं घेतली, गोळ्याचा व्यास व्हर्निअरनं घेऊन त्याचा अर्धा त्यात मिळवला आणि दोरा इतका खालीवर केला की बेरीज बरोबर १०० सेंटिमीटर आली. गोळा फक्त चार बोटं बाजूला ओढला, कारण झोका मोठा झाला की सूत्र थोडं खोटं पडतं. पहिली चार-पाच दोलनं तिनं तशीच जाऊ दिली, गोळा एका रेषेत हलतो आहे की गोल फिरतो आहे हे पाहायला. मग घड्याळ दाबलं. मी मोठ्यानं मोजत होतो आणि दर दहाला खडूनं टेबलावर एक रेघ मारत होतो. सहा मिनिटं ४१.८ सेकंद. पुन्हा केलं, ४१.६. पुन्हा, ४२.०. तिघांची सरासरी ४०१.८ सेकंद, एका दोलनाला २.००९. तिनं गुणाकार-भागाकार दोनदा करून पाहिला आणि उत्तर लिहिलं ९.७८.

दुसऱ्या दिवशी जर्नल तपासून परत आलं. ९.७८ वर लाल रेघ, बाजूला ९.८१, आणि खाली "रीडिंग चुकले, पुन्हा करा". तिनं पुन्हा प्रयोग केला नाही. ४०१.८ खोडून तिथं ४०१.२ लिहिलं. ९.८१ येण्यासाठी किती सेकंद हवेत हे तिनं उलट गणित करून काढलं होतं, तेही अगदी बरोबर. जर्नलवर सही झाली. मी सगळं पाहिलं आणि गप्प राहिलो. त्यानंतर ती मुलगी वर्षभर प्रयोगशाळेत येत होती, पण तिनं मला पुन्हा कधी काही विचारलं नाही.

आता त्या आकड्याबद्दल. ९.८१ म्हणून आपण जो लिहितो तो मुळात ९.८०६६५ आहे. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं तो १९०१ मध्ये प्रमाण म्हणून ठरवला. साधारण ४५ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीला जे गुरुत्व त्वरण असतं त्याच्याशी तो जुळतो. सोलापूर ४५ अंशांवर नाही. आपण १७.७ अंशांच्या आसपास आहोत आणि समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहोत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली आहे, त्यामुळे हे त्वरण विषुववृत्तावर ९.७८० तर ध्रुवांवर ९.८३२ असतं. अक्षांश आणि उंची सूत्रात घातली की सोलापूरसाठी उत्तर येतं साधारण ९.७८४.

त्या मुलीचं उत्तर सोलापूरचं होतं. लाल पेनानं लिहिलेलं उत्तर सोलापूरचं नव्हतं.

मी तिच्या वतीनं जास्तीचा दावा करणार नाही. लांबी मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तरी उत्तर ०.०१ नं सरकतं. वीस दोलनांवर सोलापूरचा आकडा आणि पुस्तकातला आकडा यांत जेमतेम एका सेकंदाच्या विसाव्या भागाचा फरक पडतो, आणि कुठलाही अंगठा तो पकडू शकत नाही. पण दोनशे दोलनांवर हाच फरक अर्ध्या सेकंदाचा होतो, आणि तो हातानं पकडता येतो. म्हणून तर तिचं डोकं मला एवढं मोलाचं वाटतं. तिनं "९.७८, चूकभूल एक-दोन शतांश" एवढं लिहिलं असतं तर बारावीपर्यंतच्या कुठल्याही जर्नलमध्ये यापेक्षा चांगलं पान सापडलं नसतं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी सांगतो. १६७२ मध्ये झां रिशे नावाचा फ्रेंच खगोलनिरीक्षक पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेन या बेटावर गेला. कायेन विषुववृत्ताच्या जवळ आहे. त्याच्याबरोबर पॅरिसमध्ये बरोबर लावलेलं लंबकाचं घड्याळ होतं. कायेनला ते रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. त्यानं लंबक किंचित आखूड केला तेव्हा कुठं घड्याळ ताऱ्यांशी जुळलं. पॅरिसला परतल्यावर मोठमोठ्या लोकांना वाटलं की हा माणूस मोजण्यात चुकला. रिशेनं आपला आकडा बदलला नाही. पंधरा वर्षांनी, १६८७ मध्ये, न्यूटननं पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्याचं मांडलं, तेव्हा पुरावा म्हणून ज्या निरीक्षणांचा आधार घेतला त्यांत रिशेचं हे मागे पडणारं घड्याळ होतं. पॅरिसच्या आकड्याशी जुळवून घ्यायला रिशेला लाल पेनाचीही गरज नव्हती, स्वतःच वहीत थोडी खाडाखोड केली असती तरी भागलं असतं. आमच्या मुलीनं तोच दोलक, तोच फरक, सोलापुरात बसून पकडला होता.

या पापात मीही आहे. आमच्या कपाटात वरच्या फळीवर एक जाड वही होती, तिला सगळे मास्टर वही म्हणायचे. अकरावी-बारावीच्या प्रत्येक प्रयोगाचं "बरोबर येणारं" रीडिंग तीत लिहिलेलं. कोणी आजारी पडलं, कोणाचा मीटर ब्रिज बिघडला, कोणी वर्षभर आलंच नाही, की जर्नल पूर्ण करायला ती वही बाहेर निघायची. ती माझ्या ताब्यात होती. मी ती शेकडो मुलांना दिली. त्यांचं वर्ष वाया जाऊ नये, एवढाच हेतू होता. पण डिसेंबरमध्ये मुलं टेबलाभोवती गोळा होऊन एकमेकांचे दशांश उतरवत बसलेली पाहिली की मला वाटायचं, आपण यांना भौतिकशास्त्र शिकवत नाही, खोटा हिशेब लिहायला शिकवतो आहोत. निवृत्तीच्या दिवशी किल्ल्या देताना मी नव्या माणसाला एवढंच म्हणालो की ती वही नको वापरूस. त्यानं काय केलं ते विचारायला मी परत गेलो नाही, आणि तेही माझं चुकलं.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. वीस-पंचवीसची बॅच, दोन सोनोमीटर आणि त्यातल्या एकाची तार तुटलेली. सीईटी, नीट, जेईईच्या मागे लागलेली मुलं ३० गुणांच्या प्रात्यक्षिकाला वेळ देत नाहीत, पालकही देऊ देत नाहीत. काही ठिकाणी तर मुलं प्रयोगशाळेचं दार परीक्षेच्या दिवशीच पाहतात. हे सगळं तुम्ही एकटे बदलू शकणार नाही. पण सही तुमची आहे. कशाखाली सही करायची हे तुमच्या हातात आहे.

दोलक सोडा, साधं पाणी उकळण्याचं घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेत उकळत्या पाण्यात थर्मामीटर धरला की पारा ९८-९९ च्या आसपास थांबतो आणि वहीत १०० लिहिलं जातं. थर्मामीटर जुना आहे, असं कारण देऊन आपणही पुढे जातो. जुना असेलही, म्हणून आधी तो बर्फाच्या चुऱ्यात बुडवून शून्य दाखवतो का ते पाहावं. पण दाखवत असेल तर मग मुलाचंच बरोबर आहे. साडेचारशे मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं. महाबळेश्वरला ते साडेपंचाण्णवच्या आसपास उकळेल. शाळेची सहल महाबळेश्वरला जातेच, एक थर्मामीटर आणि छोटा स्टोव्ह बरोबर न्यायला काय हरकत आहे?

आता निबंधांविषयी आणि प्रदर्शनांविषयी, कारण रोग तोच आहे.

निवृत्तीनंतर एका शाळेच्या विज्ञान दिनाच्या निबंध स्पर्धेत मला गठ्ठे लावायला आणि वाचायला बोलावलं. विषय होता "विज्ञान: शाप की वरदान". मी शाळेत होतो तेव्हाही हाच होता. पन्नासएक निबंध असतील. बहुतेकांची सुरुवात "आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे" अशी, मधे अणुबॉम्ब, मधे मोबाइल, शेवटी नाण्याच्या दोन बाजू. अक्षर सुंदर, समास सोडलेला, लाल शाईनं अधोरेखित केलेली सुभाषितं. कोणत्याही निबंधातून ते मूल कुठं राहतं, काय पाहतं, हे कळत नव्हतं.

एक निबंध वेगळा निघाला. मुलगा विडी कामगारांच्या वसाहतीतला, विडी घरकुलातला, आठवीचा. शीर्षक "आमच्या घरचा माठ". त्यानं आधीच्या उन्हाळ्यात शाळेतून थर्मामीटर मागून नेला होता आणि एप्रिलपासून जुलैपर्यंत बऱ्याच दुपारी तीन वाजता दोन आकडे घेतले होते: दाराआडच्या सावलीतल्या हवेचं तापमान आणि माठातल्या पाण्याचं. एका पानावर हातानं रेघा ओढून तक्ता काढलेला. मे महिन्यात हवा ४१, पाणी २७. जुलैमध्ये हवा ३०, पाणी २६. आणि खाली त्याचं वाक्य: "पावसाळ्यात माठ गार करत नाही असं आई म्हणते. पण माठ तेवढंच गार करतो. हवाच खाली आली."

मी तो तक्ता पुन्हा पुन्हा वाचला. माठाच्या छिद्रांतून पाझरलेलं पाणी सुकतं आणि सुकताना आतली उष्णता ओढून नेतं, हे पुस्तकात असतं. पण हे गार होणं कुठं थांबतं? ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर जिथं थांबतो, माठ जास्तीत जास्त तिथपर्यंत उतरू शकतो. ते तापमान हवेच्या उष्णतेवर आणि तिच्यातल्या ओलाव्यावर अशा दोन्हींवर ठरतं. सोलापूरचा मे कडक तापतो पण कोरडा असतो, जुलै सौम्य असतो पण दमट. दोन्हींचा हिशेब जवळजवळ एकाच ठिकाणी येतो. आईला पावसाळ्यात पाणी गार लागत नाही, कारण बाहेर आणि आत यांत फारसा फरक उरलेला नसतो. त्या मुलाला ओल्या थर्मामीटरची गोष्ट माहीत नव्हती. तरी तो तिच्या दारापर्यंत पोचला होता. तिथं त्याचा हात धरून आत नेणं एवढंच कोणाचं तरी काम होतं.

निबंध "विषयाला धरून नाही" म्हणून बाजूला ठेवला गेला. मी बोललो, पण माझं मत मोजलं जाण्यासारखं माझं पद नव्हतं. कोणाला दोष देत नाही. विषयच असा दिला होता की माठ त्यात बसत नव्हता. माझं म्हणणं आहे, विषय बदला. "मी मोजलेली एक गोष्ट" असा विषय द्या. आता मोबाइलला सांगितलं की तो शाप आणि वरदान दोन्ही बाजू दोन मिनिटांत लिहून देतो, मुलांनाही ते कळलं आहे. पण विडी घरकुलातल्या माठाचं मे महिन्यातलं तापमान मोबाइलला माहीत नाही. ते मोजायला दुपारी तीनला उठावंच लागतं.

२८ फेब्रुवारीला आपण रामन यांच्या फोटोला हार घालतो. १९२८ मध्ये त्या दिवशी त्यांनी आपला शोध जाहीर केला, १९३० मध्ये नोबेल मिळालं, आणि १९८७ पासून आपण तो राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. निबंधात मुलं या तिन्ही तारखा बिनचूक लिहितात. पण त्याच्या आधीची गोष्ट कोणी सांगत नाही. १९२१ मध्ये रामन इंग्लंडहून बोटीनं परत येत होते. भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांना प्रश्न पडला. समुद्र निळा दिसतो ते आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचं मत होतं. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. पाण्यावरून एका ठरावीक कोनात परावर्तित झालेला प्रकाश अशा प्रिझममधून अडवता येतो. त्यांनी प्रतिबिंब अडवून पाहिलं, तर निळा रंग गेला नाही, उलट आणखी गडद झाला. म्हणजे तो रंग पाण्याच्या आतून येत होता. प्रकाशाच्या विखुरण्याचा जो अभ्यास पुढे सात वर्षं चालला, त्याला इथून वेग आला. थोरामोठ्यांचा आकडा आणि आपल्या डोळ्यांना दिसलेलं यांत त्यांनी आपल्या डोळ्यांची बाजू घेतली.

आपल्याकडे समुद्र नाही, पण सिद्धेश्वर तलाव आहे. जुन्या बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर एक पातळ पोलरॉइडची पट्टी असते, ती निकोल प्रिझमसारखंच काम करते. ती हलक्या हातानं सोलून काढायची. सकाळी ऊन पसरल्यावर तलावाच्या काठी उभं राहून, सरळ खाली नाही आणि फार लांबही नाही, अशा मधल्या कोनात पाण्याकडे पाहायचं. उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंश. पट्टी डोळ्यासमोर धरून सावकाश फिरवायची. एका जागी किल्ल्याच्या भिंतीचं पाण्यातलं प्रतिबिंब विरून जातं आणि तलावाचा स्वतःचा हिरवट रंग वर येतो. आणखी पाव फेरा फिरवला की प्रतिबिंब परत. मी दर विज्ञान दिनाला शेजारच्या पोरांना घेऊन जातो. प्रतिबिंब पहिल्यांदा नाहीसं होतं तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघतो, तो मी कुठल्याही भाषणानंतर ऐकलेला नाही. रामन यांच्यावरचा निबंध या काठावरून आल्यावर लिहून घ्या.

प्रदर्शनांबद्दल थोडक्यात लिहितो. थर्माकोलची अंतराळयानं, खायच्या सोड्याचे ज्वालामुखी, इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारे जेसीबी ही मॉडेलं आहेत, प्रयोग नाहीत. आता तर ती दुकानात तयार मिळतात. मूल शेजारी उभं राहून पाठ केलेलं बोलतं, आणि आपण "छान" म्हणून पुढे जातो. मॉडेलला बक्षीस देऊ नका असं म्हणत नाही. पण त्याच टेबलावर एक मळकी वही ठेवलेली असेल, तीत चुकलेली रीडिंगं, खोडलेलं, परत केलेलं असेल, तर आधी ती वही उघडा. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत मुलांनी आपल्या परिसरातलाच प्रश्न घेऊन अभ्यास करावा अशी अपेक्षा असते. ती रीत शाळेच्या प्रदर्शनात आणायला कोणाची परवानगी लागत नाही.

खरा प्रयोग कसा असतो ते पाहायला आपल्याला लांब जायला नको. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला तो सोलापुरात, कारण आपण पर्जन्यछायेत आहोत. विमानं उडाली, ढगांमध्ये बाष्प ओढून घेणारे क्षाराचे कण सोडले. गावात चर्चा झाली ती विमानांची. पण त्या प्रयोगाचा गाभा वेगळाच होता. काही ढगांवर फवारणी केली आणि काही तशाच ढगांवर मुद्दाम केली नाही, आणि कोणत्या ढगावर करायची हे मर्जीवर सोडलं नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. फवारलेल्या आणि न फवारलेल्या ढगांची तुलना केली तेव्हा वाऱ्याच्या दिशेच्या पट्ट्यात सुमारे १८ टक्के जास्त पाऊस दिसला. दुष्काळी भागाच्या डोक्यावर चांगला ढग असताना त्याला हात न लावता फक्त मोजत राहायचं, याला किती धीर लागला असेल. पण न फवारलेले ढग नसते तर १८ हा आकडाच निघाला नसता. हे आपल्या डोक्यावर घडलं आहे आणि आपल्या कुठल्याच शाळेतल्या मुलाच्या निबंधात मी ते वाचलेलं नाही.

म्हणून या वर्षी एवढं करून पाहा. जर्नलमध्ये शेवटच्या उत्तराशेजारी "चूकभूल किती" असा एक रकाना वाढवा, आणि उत्तर पुस्तकाशी जुळलं का यापेक्षा तो रकाना प्रामाणिक आहे का हे व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारा. मुलाचं उत्तर ९.५ आलं तर त्याला लांबी कुठून कुठपर्यंत मोजली ते दाखवायला सांगा. तो हुकापर्यंतच मोजून थांबला असेल, गोळ्याची त्रिज्या विसरला असेल, तर ते त्याला स्वतःला सापडू द्या आणि सापडल्याचे गुण द्या. जुनं रीडिंग मात्र तसंच राहू दे, वर एक आडवी रेघ, खाली नवं. वर्षभरात एकच प्रयोग खऱ्या अर्थानं झाला तरी चालेल, बाकीचे सात-आठ नुसते दाखवा. आणि कपाटात मास्टर वही असेल तर ती मुलांच्या हातात देऊ नका.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर सावलीपासून करा. सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो. एकदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, तेव्हा शाळांना सुट्टी असते. दुसऱ्यांदा ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, तेव्हा शाळा भरलेल्या असतात. तीही वेळ घड्याळाच्या बाराची नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि आपण ७५.९ वर आहोत, त्यामुळे सोलापूरची खरी माध्यान्ह त्या दिवसांत साडेबारा उलटून दोन-तीन मिनिटांनी होते. मैदानात अर्ध्या मीटरची एक सळई ओळंब्यानं सरळ उभी करा. सव्वाबारापासून पावणेएकपर्यंत दर दोन मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं खुणावायला सांगा. सावली सळईच्या पायाशी कधी गोळा झाली ते मुलांनी आपापल्या वहीत लिहावं, प्रत्येकाचं मिनिट वेगळं आलं तर वेगळंच राहू द्या.

ऑगस्ट आहे, ढग येतील. आले तर मुलांना तसंच लिहू द्या, "ढग होते, सावली मोजता आली नाही", आणि त्या पानावर तुमची सही करा.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
सोलापूर